ज्वारी उदंड झाली

आमच्या घरात कधी काही संपलं नाही. मीठ संपलं नाही, तेल संपलं नाही, ज्वारी तर मुळीच संपली नाही. जे व्हायचं ते उदंड व्हायचं. माय चुलीपुढून हाक मारायची, "सुमे, मीठ उदंड झालं वं, शेवंताकाकूकडून चिमूटभर आन," की मी समजायची, मिठाचं मडकं कोरडं पडलं. दिवा विझत नसे, तो वाढत असे. बांगडी फुटत नसे, तीही वाढत असे. 'नाही' आणि 'संपलं' हे दोन शब्द घरात काढले की ते घरातच मुक्काम करतात, असं मायला तिच्या मायनं शिकवलेलं, आणि आमच्या आळीतल्या सगळ्या बायका तेच धरून चालत. माझी नात परवा म्हणाली, आजी, हे तर सरळ खोटं बोलणं झालं. खोटं कसलं गं बाई. ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर ते खोटं होत नाही. ऐकणारा परका निघाला की काय होतं, ते मात्र मी पाहिलं आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

आमचं गाव सुलतानपूरच्या अलीकडे, बैलगाडीत एक डुलकी लागेल इतक्या अंतरावर. बाबांचा मळा होता. मळा म्हटलं की लोकांना हिरवंगार दिसतं. तीन भावांत मिळून एक विहीर, मोटेची पाळी तिसऱ्या दिवशी, आणि उन्हाळा लागला की मोट वर येताना निम्मी चिखलानं भरलेली. मोटेच्या चाकाचा कुईकुई आवाज आणि मागोमाग थारोळ्यात पाणी पडल्याचा धबाका, हे माझ्या लहानपणाचं घड्याळ होतं. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं बाबा लावायचे आणि बाजाराच्या दिवशी पहाटेच बीबी गावाला न्यायचे. जे खपलं नाही ते परत यायचं. त्यामुळे आमच्या घरी भाजीला तोटा नव्हता, खोट भाकरीची होती. जेठ महिन्यात कणगी तळाला गेली की आम्ही नुसतं भाजलेलं वांगं मीठ लावून खात असू, नाहीतर ताकातल्या कण्या. वांग्याची मला अजून शिसारी आहे. लोक कौतुकानं भरीत वाढतात आणि मी ताटाच्या कडेला सारते.

दुसरा आवाज जात्याचा. पहाटे कोणाच्या घरी जातं फिरतं आणि कोणाच्या घरी नाही, हे आळीत सगळ्यांना अंथरुणातून कळे. ज्या दिवसांत आमचं जातं मुकं असे, त्या दिवसांत माय पहाटे उठून उगाच अंगण जास्त वेळ झाडायची, खराट्याचा आवाज तरी जावा म्हणून. मोठी मानी बाई. उसनं आणायला ती कधी पुढच्या दारानं गेली नाही. शेवंताकाकूच्या परसातून जायची, पदराखाली वाटी झाकून, आणि शेवंताकाकूही न विचारता त्या वाटीत काय घालायचं ते घालायची. दोघी त्याविषयी एक अक्षर बोलत नसत. बोलायच्या त्या कोंबड्यांविषयी.

मी मॅट्रिक झाले ती मेहकरला मामाकडे राहून. आमच्या गावची मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी, असं लोक म्हणत, आणि त्या सुरात कौतुक किती आणि 'आता हिला नवरा कुठून आणणार' ही काळजी किती, ते ठरवणं अवघड होतं. मेहकरला आमचे मराठीचे मास्तर पुण्याकडचे. मी पहिल्या दिवशी उभी राहून "मले येते" म्हटलं, तर ते हसले, आणि त्यांच्यामागोमाग वर्ग हसला. त्या दिवसापासून मी 'मला' म्हणायला शिकले. चार वर्षांत अशी शिकले, की सुट्टीत घरी आले तर शेवंताकाकू म्हणायची, "आली पहाय बामनीन." मला ते आवडायचं. आता लाज वाटते, पण तेव्हा आवडायचं, हे खरं आहे.

निकाल लागला तेव्हा हेडमास्तरांनी बाबांना मेहकरला बोलावून घेतलं. म्हणाले, हिला कॉलेजात घाला. बाबा पागोट्याचं टोक चिवडत उभे. हेडमास्तरांनी समजावलं की सरकार नवं आहे, आपला जिल्हा आता नागपूरकडे नाही, मुंबईकडे बघतो, आणि मुंबईच्या सरकारनं ठरवलं आहे की ज्याचं उत्पन्न अमक्या आकड्याच्या आत, त्याच्या पोराची फी सरकार भरील. जात विचारणार नाही, काही नाही, फक्त दाखला. या सवलतीचं इंग्रजी नाव ई.बी.सी., गावात तिला 'येबीशी' म्हणत. बाबांना ते कोण्या बाईचं नाव वाटलं होतं. घरी येऊन मायला म्हणाले, "सुमीची फी ते येबीशी भरणार हाय." माय म्हणाली, "देव तिचं भलं करो."

राहायची सोय नांदुऱ्याची मावशी करणार होती. तिचा नवरा तिथल्या कापसाच्या जिनात हमाल होता आणि त्यांची खोली स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. तिथून गाडीनं कॉलेजात जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. मी एकदाच गेले होते तिथे, लहान असताना, आणि रुळांवरून मालगाडी जाताना मावशीच्या घरातली भांडी मांडणीवर किणकिणली होती, तेवढं आठवत होतं. त्या दिवसांत मी रोज झोपण्याआधी ती किणकिण मनात ऐकून घ्यायची. मला कॉलेजात जाऊन काय व्हायचं होतं, विचाराल तर सांगता येणार नाही. मला ती गाडी धरायची होती, पुस्तकं छातीशी घेऊन. सतरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं असतं.

फी नाही मिळाली तर काय, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मोटेचा एक बैल विकला असता तर एका वर्षाची फी निघाली असती, आणि मळा वाळून गेला असता. त्यावर कोणी चर्चासुद्धा केली नाही. दाखला म्हणजे कॉलेज, दाखला नाही म्हणजे लग्न, इतकं ते सरळ होतं.

आता दाखल्याचं. आमच्या गावात एक मोठं घर होतं. सुलतानपूरच्या वाटेला दोन्ही बाजूंनी त्यांचीच जमीन. त्यांचा गुणवंता माझ्याबरोबरच मॅट्रिक झाला, रखडत. त्यांनी त्याच वर्षी जमीन सासू, सुना, चुलत आजी, सगळ्यांच्या नावावर वाटून टाकली. गुणवंताच्या बापाच्या नावावर उरली ती खळ्याची जागा आणि चार बाभळी. पटवाऱ्यानं कागद पाहून त्याला गरीब ठरवला. अशी गरीब घरं तालुक्यात बरीच निघाली म्हणे, म्हणून मग नव्यानं आलेल्या नायब तहसीलदारांनी ठरवलं, कागदावर भरवसा ठेवायचा नाही, आपण स्वतः घरोघर जाऊन पाहायचं. माणूस प्रामाणिक होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे आमच्या घरात त्याला फार शिव्या पडल्या. गुणवंताच्या घरी तो गेला तेव्हा त्याला चार बाभळी दाखवल्या. बायका माजघरात गप्प बसल्या. कागद आणि बाभळी जुळल्या.

आमच्या घरी तो आला बीबीच्या बाजाराच्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना. बाबा पहाटेच गेलेले. पटवारी लोणारला. गावचा कोतवाल पुढे धावत आला आणि "सायब आले, खाट टाका" म्हणून साहेबांची सायकल धरून लिंबाखाली जाऊन बसला. मायनं ओसरीवर खाट ओढली, तिच्यावर घरातली एकुलती धड वाकळ अंथरली, आणि मला डोळ्यानं खुणावून ती परसातून शेवंताकाकूकडे गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. साहेब तरुण होते, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. तांब्या घेत म्हणाले, "सुमन तुम्हीच का?"

तुम्ही. मला आजवर कोणी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी मार्क विचारले, संस्कृत होतं का विचारलं, पुढे काय घेणार विचारलं. मी शाळेतल्या मराठीत नीट उत्तरं दिली. ते हसून म्हणाले, "छान बोलता तुम्ही. इकडच्या वाटत नाही." माझे कान गरम झाले. आज साठ वर्षांनीही ते वाक्य जसंच्या तसं सांगू शकते, मेलं.

तेवढ्यात मायनं ताट आणलं. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दोन पांढऱ्याशुभ्र भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, गुळाचा खडा, आणि भाकरीवर तुपाची धार. पीठही उसनं, तूपही उसनं, गूळही उसना, आणि एवढ्या वेळात तिनं भाकरी थापल्या कधी हे तिचं तिला ठाऊक. दारात भर दुपारी माणूस आला आणि तो उपाशी गेला, हे तिला मरेपर्यंत जमलं नसतं. साहेब नको नको म्हणाले, मग जेवले, भुकेलेले होते. माय दाराच्या चौकटीआड डोक्यावर पदर घेऊन उभी. हात धुऊन त्यांनी कागद काढला.

"बाई, घाबरू नका. मुलीच्या फीच्या अर्जाची चौकशी आहे. घरात धान्य किती शिल्लक आहे?"

माय आतून म्हणाली, "उदंड झालं, सायब."

"ज्वारी?"

"ज्वारीबी उदंड झाली."

"तूरडाळ वगैरे?"

"समदंच उदंड झालं. आता काय सांगू तुमाले." तिच्या मते तिनं आपली सगळी लाज त्या परक्या माणसापुढे उघडी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

साहेबांनी कोपऱ्यातल्या वांग्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि लिहू लागले. लिहिताना तोंडानं पुटपुटायची त्यांना सवय होती. "धान्य... उदंड." मग मान वर करून मायला म्हणाले, "छान आहे, बाई. असंच राहो."

ते मला ऐकू आलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, तांब्या घेऊन. त्यांना काय कळलं आणि माय काय म्हणाली, हे दोन्ही कळणारं त्या ओसरीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, आमच्याकडे उदंड म्हणजे संपलं. आणि मग त्यांनी विचारलं असतं, म्हणजे घरात धान्य नाही? आणि मला म्हणावं लागलं असतं, नाही, एक दाणा नाही, तुम्ही जेवलात तेही शेजारचं होतं, चला कणगी दाखवते. ज्यानं मला आत्ताच तुम्ही म्हटलं होतं, त्याला. मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. साहेबांनी विचारलंही, "काही म्हणायचंय का?" मी म्हणाले, "पाणी आणू का अजून?"

कागद पंधरा दिवसांनी आला, हेडमास्तरांच्या पत्त्यावर. ते स्वतः सुलतानपूरपर्यंत मोटारीनं आणि पुढे पायी आले, तेव्हाच मला समजलं. ओसरीवर बसून त्यांनी वाचलं. स्थळपाहणीत घरी धान्यसाठा मुबलक आढळला, कुटुंब सुस्थितीत, सवलतीस अपात्र.

बाबांनी विचारलं, "मुबलक म्हंजे?"

"मुबलक म्हणजे पुष्कळ."

"पुष्कळ काऊन लिहलं बा त्यानं? कनगीत तं उंदीरबी राह्यला नवता."

माय चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "मी तं उदंड झालं म्हनलं. मी खरंच सांगतलं त्याले." आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उमटत गेलं. हेडमास्तर आमच्याकडचेच, त्यांना लगेच उमगलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. माय जागच्या जागी खाली बसली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर, बाबा आणि मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी बसायला सांगितलं, ऐकून घेतलं. उदंडचा असा अर्थ मी कधी ऐकला नाही, म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, आमच्या बायका बोलतात तसं. साहेब म्हणाले, "मास्तर, मी तिथे तुपाबरोबर जेवलो आहे. आज अर्थ बदलून लिहिला तर उद्या तालुक्यातले सगळे बागायतदार हाच अर्थ सांगत येतील. आणि यादी वर गेली, आता माझ्या हातात काही नाही." मग ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "तुम्ही तिथेच उभ्या होतात. तुम्हाला दोन्ही बोली येतात. मी विचारलंही होतं. तुम्ही का बोलला नाहीत?"

मी टेबलावरच्या दौतीकडे पाहत राहिले. हेडमास्तर माझ्याकडे पाहत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना मोटार सुलतानपूरला थांबली, तिथून आम्ही दोघं बापलेक पायी निघालो. बाबा पुढे, मी मागे. निम्मी वाट गेल्यावर ते मागे न वळता म्हणाले, "लाज वाटली असंन तुले."

मी हो म्हटलं.

"मलेबी वाटली असती." मग पुष्कळ पावलं चालल्यावर म्हणाले, "तुह्या मायले हे सांगू नको. ते समजते का तिच्याच बोलन्यानं झालं. तुह्यानं झालं हे कळलं तं तुह्यावरचा जीव उडंन तिचा." बाबांना मला वाचवायचं होतं. त्यात मायवर काय पडणार आहे, हे त्यांना दिसलं नाही, की दिसूनही त्यांनी मला निवडलं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

गुणवंता त्या वर्षी कॉलेजात गेला, सरकारच्या पैशानं. पुढे मोठ्या नोकरीला लागला, आणि त्याच्या सहीनं इतरांचे दाखले निघू लागले असं ऐकलं. माझं लग्न पुढच्या उन्हाळ्यात बीबीकडच्या एका मळेवाल्याशी झालं. माणूस वाईट नव्हता. चाळीस वर्षं मी वांगी, मेथी, सांभार विकला, आणि गिऱ्हाइकाशी 'मले, तुले' करूनच बोलले. नांदुऱ्याला मी दोनदा गेले. मावशीच्या लेकीच्या लग्नाला, आणि मावशी गेली तेव्हा. दोन्ही वेळा भांडी किणकिणली.

सरकारनं पैसे ठेवले नव्हते असं नाही. ठेवले होते, माझ्यासारखीसाठीच ठेवले होते. नातीचा उत्पन्नाचा दाखला आता कॉम्प्युटरवर निघतो, घरी कोणी येत नाही, ताट वाढावं लागत नाही. तिचा अर्ज मागच्या महिन्यात परत आला, नावातल्या कुठल्याशा वेलांटीपायी. ती चिडली, पुन्हा भरते म्हणाली. भरेल. मी तिला धीर द्यायला हवा होता. मी उठून भांडी घासायला घेतली.

मायविषयी लिहायचं राहिलं. त्या दिवसानंतर आमच्या घरात काही उदंड झालं नाही. कचेरीतून आम्ही परतलो, त्या संध्याकाळी ती चुलीपुढून म्हणाली, "सुमे, मीठ संपलं." इतक्या स्पष्ट आणि मोठ्या आवाजात म्हणाली, की शेवंताकाकू परसात काम करत होती ती थबकली. पुढे मग रोजच. पीठ संपलं. तेल नाही. ज्वारी संपली. प्रत्येक शब्द ती धडा म्हणणाऱ्या मुलासारखी नीट सुटा करून म्हणायची, आणि म्हणताना ओसरीकडे पाहायची, जिथे ती खाट होती. लग्नानंतर मी माहेरी जायची तेव्हाही हे दिसायचं. शेजारणी म्हणायच्या, अभद्र बोलू नको. ती ऐकत नसे.

शेवटच्या आजारात ती आमच्याकडे होती. मी पाणी पाजत होते. ती म्हणाली, "सुमे, माह्या तोंडानं तुहं वाटोळं झालं वं." बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, अडवायला कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं होतं. मग विचारलं, "पाणी देऊ का अजून?"

ती म्हणाली, "नको. संपलं."